मध्यस्थाचे कर्म आणि मध्यस्थाचे साधन

१. संज्ञा

माल एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्या व्यवहारात किमान चार पक्ष असतात. माल पाठवणारा तो प्रेषक. माल स्वीकारणारा तो प्रेषिती. प्रत्यक्ष वाहून नेणारा, म्हणजे जहाज कंपनी, विमान कंपनी किंवा ट्रेलरमालक, तो वाहक. या तिघांची सांगड घालणारा, जो सामान्यतः मालाचाही मालक नसतो आणि जहाजाचाही नसतो, तो फॉरवर्डर. 'मालप्रेषण-मध्यस्थ' हा शब्द अर्थाने अधिक नेमका आहे. परंतु न्हावा शेव्याच्या बंदरात किंवा नाशिकच्या पॅकहाउसमध्ये तो कोणी उच्चारत नाही, म्हणून येथे रूढ शब्दच स्वीकारला आहे.

फॉरवर्डर आणि सीएचए (कस्टम हाउस एजंट) या दोन भूमिकांची गल्लत नेहमी होते. सीएचए हा सीमाशुल्क विभागापुढे प्रेषकाच्या वतीने कागदपत्रे दाखल करणारा परवानाधारक होय. त्याचा परवाना सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम १४६ खाली दिला जातो. नियमावलीत त्याचे नाव आता 'कस्टम्स ब्रोकर' असे झाले आहे, पण बंदरावर जुनेच नाव चालते. एकच पेढी दोन्ही कामे करते असे पुष्कळदा आढळते. तरी कर्मे दोन आहेत : सीएचए राज्यसंस्थेपुढे उभा राहतो, फॉरवर्डर वाहकापुढे.

खुद्द फॉरवर्डरही कायद्याच्या दृष्टीने दोन रूपांत येतो. पहिले रूप अभिकर्त्याचे. त्यात तो प्रेषकाच्या वतीने करार करतो, कमिशन घेतो, आणि योग्य काळजी घेणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. या नात्याचे नियम भारतीय करार अधिनियम १८७२ मध्ये आहेत. दुसरे रूप स्वतः करार करणाऱ्याचे. त्यात तो आपल्या नावाने हाउस बीएल (बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग; त्याचे विवेचन पुढे येईल) किंवा बहुविध वाहतुकीचा दस्तऐवज देतो, जहाज कंपनीकडून स्वतःच्या नावाने मास्टर बीएल घेतो, आणि माल पोहोचवण्याची जबाबदारी स्वतः पत्करतो. हा भेद पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया आहे.

आता 'डिजिटल फॉरवर्डर' ही संज्ञा. तिचे तीन अर्थ प्रचारात आहेत. संगणक वापरणारी पेढी, हा पहिला अर्थ त्याज्य आहे. निर्यातीचे शिपिंग बिल सीमाशुल्क विभागाच्या आयसगेट या संकेतस्थळावरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच दाखल होते आणि ते दाखल करणारी तीन पिढ्यांची पेढीही संगणकच वापरते. सर्वांना लागू होणारे लक्षण हे लक्षणच नव्हे. प्रेषक आणि फॉरवर्डर यांना केवळ एकत्र आणणारा बाजार, हा दुसरा अर्थ. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या फ्राइटॉससारख्या संस्थांचा उगम या कल्पनेत आहे. तिसरा अर्थ, जो येथे ग्राह्य धरला आहे, असा : ज्या फॉरवर्डिंग संस्थेत दर, आरक्षण आणि मालाची स्थिती यांविषयीचे नित्य निर्णय प्रत्येक वेळी मनुष्याने न घेता पूर्वनिश्चित नियमांनी होतात, आणि त्या निर्णयांची नोंद प्रेषकाला कोणाला न विचारता स्वतः पाहता येते, ती डिजिटल. या व्याख्येचे दोन घटक आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. नियम आहेत पण नोंद ग्राहकाला दिसत नाही, तेथे केवळ अंतर्गत सोय आहे. नोंद दिसते पण तिच्यामागे एक कर्मचारी बसून हाताने ती भरत आहे, तेथे केवळ दर्शनी भाग नवा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१३ मध्ये रायन पीटरसन यांनी स्थापन केलेली फ्लेक्सपोर्ट ही या तिसऱ्या अर्थाची सर्वाधिक चर्चिली गेलेली संस्था होय.

२. उदाहरणाची निवड

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक कंटेनर गृहीत धरू. तो निफाड तालुक्यातील पॅकहाउसमधून न्हावा शेवा मार्गे रॉटरडॅमला जाणारा द्राक्षांचा रीफर, म्हणजे शीत, कंटेनर आहे. ही निवड सोयीची नाही, हेतुपूर्वक आहे. द्राक्ष नाशवंत असल्यामुळे प्रत्येक विलंबाची किंमत उघड दिसते. युरोपीय संघाचे कीडनाशक-अंशाचे नियम कठोर असल्यामुळे कागदपत्रे विपुल असतात. आणि हंगाम जानेवारी ते एप्रिल एवढाच असल्यामुळे चूक दुरुस्त करण्यास पुढचा महिना मिळत नाही. जे भेद लोखंडी नटबोल्टांच्या कंटेनरमध्ये दबून राहतात ते येथे पृष्ठभागावर येतात.

हा माल कसा निघतो ते पाहणे आवश्यक आहे. घड सकाळी उन्हाआधी तोडले जातात, छाटले जातात, पनेटमध्ये भरले जातात. पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड ठेवला जातो. पेट्या प्रीकूलिंगमध्ये जातात आणि मण्याच्या गराचे तापमान शून्य अंशाजवळ येईपर्यंत तेथेच राहतात. कारण रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करणे हे त्याचे काम नव्हे. मग भरणी. पेट्यांच्या मध्ये मनगटी घड्याळाएवढा डेटा लॉगर सरकवला जातो. दार बंद होते, सील लागते, सीलचा क्रमांक कागदावर उतरतो, आणि जनरेटर जोडलेला ट्रेलर कसारा घाटाकडे निघतो. येथपर्यंत फॉरवर्डर दिसलेला नाही. पण ट्रेलर कोणत्या जहाजाच्या कट-ऑफसाठी, म्हणजे माल स्वीकारण्याच्या अंतिम वेळेसाठी, निघाला, कंटेनर कोणत्या डेपोतून आला, बंदराच्या गेटवर प्रवेशाचा फॉर्म १३ तयार आहे की नाही, या सर्वांत तो आहे.

३. कर्मविभाग

फॉरवर्डरचे कर्म चार थरांत विभागता येते. (अ) ज्ञापन : दर किती, जहाज कोणते, माल कोठे आहे, हे सांगणे. (आ) व्यवहार : आरक्षण करणे, कंटेनर मिळवणे, पैसे चुकते करणे, प्रसंगी प्रेषकाला उधारी देणे. (इ) अधिकार : ज्या कागदाने मालावरचा हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जातो तो कागद निर्माण करणे आणि हलवणे. (ई) दायित्व : काही बिघडल्यास उत्तर देणे.

डिजिटल आणि पारंपरिक यांची तुलना संस्थेशी संस्था लावून करण्याची प्रथा आहे. ती सदोष आहे, कारण एकच संस्था एका थरात पुढे आणि दुसऱ्या थरात मागे असू शकते. तुलना थराशी थर लावूनच केली पाहिजे.

४. ज्ञापन

दर ही एक संख्या आहे असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात ती एक बेरीज असते : समुद्रभाडे, इंधन अधिभार, दोन्ही बंदरांवरील टर्मिनल हाताळणी शुल्क, कागदपत्र शुल्क, सील, रीफरच्या वीजजोडणीचे शुल्क, नाशिक ते बंदर ट्रेलरभाडे, रॉटरडॅमकडील खर्च. प्रत्येक पदाचा स्रोत वेगळा आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. पारंपरिक पेढीत ही बेरीज दर-विभागातील व्यक्ती करते. ती चार जहाज कंपन्यांना ई-मेल करते, व्हॉट्सअ‍ॅपवर स्मरण देते, एक्सेलमध्ये पदे भरते. एक-दोन दिवस लागतात, आणि तो विलंब आळसाचा नसतो, पदांच्या विखुरलेपणाचा असतो. डिजिटल फॉरवर्डर ही पदे एका कोशात मुदतीसह साठवतो; उत्तर काही मिनिटांत येते आणि प्रत्येक पद वेगळे दिसते. या थरात त्याची श्रेष्ठता निर्विवाद आहे. लहान निर्यातदाराला तिचा लाभ विशेष, कारण बेरजेत दडलेले पद ओळखण्याचा अनुभव त्याच्याकडे नसतो.

परंतु ज्ञात दर आणि प्राप्य दर यांत अंतर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रुरी संस्थेचा जागतिक कंटेनर निर्देशांक चाळीस फुटी कंटेनरमागे १०,००० डॉलरच्या वर गेला. त्या काळात पडद्यावरचा दर दिसत होता, जागा मिळत नव्हती. आरक्षण पक्के असूनही कंटेनर धक्क्यावर राही आणि पुढच्या जहाजावर ढकलला जाई; व्यवसायात याला 'रोल होणे' म्हणतात. अशा वेळी जागा मिळे ती वर्षभराच्या कराराला, मोठ्या मालसंख्येला आणि जुन्या संबंधाला. यातून पहिला सिद्धान्त निघतो : ज्ञापनातील श्रेष्ठतेचे मूल्य वाहतूकक्षमतेच्या मुबलकतेवर अवलंबून असते. जागा मुबलक असते तेव्हा दर जाणणे पुरेसे असते. जागा दुर्मिळ होते तेव्हा ते आवश्यक राहते, पुरेसे राहत नाही. वाहकांनाही ही त्रुटी जाणवली होती. मर्स्कने २०१९ मध्ये आणलेल्या 'स्पॉट' पद्धतीत दराबरोबर जागेची हमी दिली जाते आणि हमी मोडणाऱ्यावर, मग तो प्रेषक असो वा वाहक, भुर्दंड पडतो. ही सुधारणा ज्ञापनाची नाही, व्यवहाराची आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. जुन्या संबंधाने जागा मिळणे म्हणजे लहानाला डावलून मोठ्याला देणे; म्हणून यंत्राची समदृष्टी अधिक न्याय्य. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध तितका खरा नाही, कारण यंत्रही अखेर मालसंख्या मोजते. लहानाचा खरा उपाय संख्येत आहे आणि तो महाराष्ट्राने डिजिटल युगापूर्वीच शोधला होता. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्सने द्राक्ष-बागायतदारांच्या सहकारी संस्थांचा माल एकत्र करून निर्यातीत उतरवला. पुढे दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपाने तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर चालवले. अनेक लहान प्रेषकांनी मिळून एक मोठा प्रेषक होणे हे संघटनेचे कर्म आहे. डिजिटल साधन ते सुलभ करील, निर्माण करणार नाही.

ज्ञापनाचा दुसरा भाग स्थितिज्ञानाचा. त्याचे तीन अंश पाडावेत : स्थान, अवस्था, कारण. स्थान आता यंत्र सांगते. न्हावा शेव्यात २०१६ पासून कंटेनरवर लावल्या जाणाऱ्या आरएफआयडी टॅगमुळे लॉजिस्टिक्स डेटा बँकेत त्याची हालचाल उमटते. जहाजाचे स्थान त्याच्या स्वयंचलित संकेतावरून कळते. अवस्थाही यंत्र सांगते. रीफरचे तापमान समुद्रातून उपग्रहामार्फत पाहता येते. कारण मात्र यंत्र सांगत नाही, आणि कारण न कळता निर्णय घेता येत नाही.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबला. २०२४ चा द्राक्षहंगाम तोंडावर होता. नवी पोहोचतारीख प्रत्येक पडद्यावर आपोआप उमटली. पण पुढचे प्रश्न पडद्याचे नव्हते. वाढीव दिवस देठ हिरवा टिकेल असा माल कोणत्या बागेचा आहे, साखर किती असताना तोडावा, युद्धजोखमीचा अधिभार कोणी सोसावा, युरोपऐवजी आखाती बाजार गाठावा का, हे प्रश्न मनुष्यांनी सोडवले. आणि ते दोन्ही प्रकारच्या संस्थांतील मनुष्यांनी सोडवले. येथून नित्य आणि नैमित्तिक हा भेद हाती येतो. नित्य कर्म तेच की ज्याचा नियम आधी लिहिता येतो. नैमित्तिक कर्म ते की ज्याचा नियम घटनेनंतरच लिहिता येतो. डिजिटल साधनाचे क्षेत्र पहिले. आणि प्रत्येक नैमित्तिक घटना नियमबद्ध झाली की ते क्षेत्र थोडे वाढते.

५. व्यवहार

या थराविषयी थोडेच सांगायचे आहे. आरक्षण, कंटेनर-उचल, प्रमाणित वजनाची घोषणा, बिल ही सर्व कर्मे नित्य आहेत, म्हणून ती यंत्राकडे गेली आणि जाणे इष्टच होते. कंटेनरचे प्रमाणित वजन कळवणे सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जुलै २०१६ पासून बंधनकारक आहे. ती एक संख्या चार ठिकाणी पुन्हा पुन्हा हाताने लिहिण्यात कोणाचेच हित नव्हते, आणि एका चुकलेल्या अंकापायी ट्रेलर गेटबाहेर उभा राहत असे.

अपवाद एकच, उधारीचा. पारंपरिक फॉरवर्डर जहाज कंपनीला भाडे आधी देतो आणि निर्यातदाराकडून महिन्याने घेतो. हे पेढीचे जुने कर्म आहे, आणि ते माणसाच्या पारखीवर चालते : या घराण्याचा माल दरवर्षी येतो, गारपिटीच्या वर्षी याने थोडे उशिरा दिले, पण दिले. यंत्र उधारी ठरवते ती ताळेबंदावर. ताळेबंद नसलेला पण शब्दाचा पक्का असा निर्यातदार यंत्रापुढे कोठे उभा राहतो हा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही.

६. अधिकार

हा थर सर्वांत कठीण आहे आणि त्याविषयीचे गैरसमज सर्वाधिक आहेत. त्याच्या केंद्रस्थानी बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, हा दस्तऐवज आहे. त्याची कर्मे तीन : माल मिळाल्याची पावती, वाहतूककराराचा पुरावा, आणि मालावरील हक्काचे पत्र. पहिली दोन कर्मे माहितीची आहेत. माहितीची प्रत काढली तर मूळ माहिती उणी होत नाही. तिसरे कर्म भिन्न जातीचे आहे. ज्याच्या हाती मूळ बीएल त्याला माल मिळतो. म्हणून हे पत्र एकाच वेळी एकाच हाती असावे लागते. प्रत निघाली की हक्क द्विधा होतो. संगणकाची मूळ प्रकृतीच प्रत काढण्याची असल्यामुळे, दर आणि स्थिती सहज आत्मसात करणारे तंत्र येथे अनेक दशके अडखळले.

कागदावर हक्क बांधण्याची कल्पना आपल्या व्यापाराला परकी नाही. जहाजाने जाणाऱ्या मालावर काढली जाणारी जोखमी हुंडी याच कुळातील. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीची रक्कम देय, बुडाला तर नाही. एका कागदात पतपत्र आणि विमा दोन्ही. त्या कागदाचे बळ शाईत नव्हते, तो पाळणाऱ्या पेढ्यांच्या समान रूढीत होते.

बीएलच्या मूळ प्रती सामान्यतः तीन निघतात. पुढच्या बाजूला प्रेषक, प्रेषिती, जहाज, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक. मागच्या बाजूला भिंगाशिवाय न वाचता येणारी कलमे. तीनपैकी एक वटली की उरलेल्या दोन निष्प्रभ होतात. प्रत बँकेतून बँकेत आणि कुरिअरने देशांतरी जाते, आणि पुष्कळदा जहाज आधी पोहोचते, कागद नंतर. मग धक्क्यावर रीफर वीज खात उभा राहतो आणि डिमरेज, म्हणजे विलंबशुल्क, चढत जाते. व्यवसायाने यावर तोडगे काढले. एक, 'टेलेक्स रिलीज' : मूळ प्रती निघाल्या बंदरीच परत करून पलीकडे माल सोडण्याचा संदेश देणे. दोन, सी वेबिल : मुळातच हक्कपत्र न काढणे. तीन, हमीपत्रावर माल सोडणे. नाशवंत मालात पहिले दोन तोडगे सर्रास वापरले जातात. पण तिन्हींत काहीतरी सोडावे लागते. पहिल्या दोहोंत प्रेषक, पैसे हाती येण्याआधी, मालावरची पकड सोडतो. द्राक्ष निर्यातदाराला परदेशी खरेदीदाराने बुडवल्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या सोडलेल्या पकडीत असते.

या तोडग्यांऐवजी बीएलच इलेक्ट्रॉनिक करावे, तर तो प्रश्न केवळ तंत्राचा उरत नाही, कायद्याचा होतो. 'ताबा' या शब्दाचा अर्थ ज्याला हात लावता येतो त्यापुरता मर्यादित होता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारकायदा आयोगाने २०१७ मध्ये हस्तांतरणीय इलेक्ट्रॉनिक नोंदींचा आदर्श कायदा तयार केला आणि त्यात ताब्याच्या जागी 'अनन्य नियंत्रण' ही कल्पना आणली. सिंगापूरने २०२१ मध्ये तिला अनुसरून कायदा बदलला. ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक व्यापार दस्तऐवज अधिनियम २० सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला. जगातील असंख्य बीएल इंग्लिश कायद्याने चालत असल्यामुळे हा बदल त्या देशापुरता राहत नाही. भारतात १८५६ च्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. पत्राबरोबर हक्क जातो हे मूळ तत्त्व त्यात कायम आहे. प्रमुख जहाज कंपन्यांच्या डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशनच्या सदस्यांनी २०३० पर्यंत सर्व बीएल इलेक्ट्रॉनिक करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

यातून दुसरा सिद्धान्त : अधिकाराच्या थरात डिजिटल फॉरवर्डर आणि पारंपरिक फॉरवर्डर यांत वास्तविक भेद नाही. दोघेही त्याच कायद्याने बांधलेले आहेत आणि त्याच कुरिअरची वाट पाहतात. जो भेद सांगितला जातो तो जाहिरातीचा आहे.

कायद्याइतकीच दुसरी अट सर्वसंमतीची. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स हे व्यासपीठ उभे केले. तंत्र उत्तम होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि कारण असे सांगितले गेले की उद्योगाचे पूर्ण जागतिक सहकार्य साधले नाही. स्पर्धकाच्या घरात आपली नोंदवही ठेवण्यास कोणीही कचरतो, हे त्यात गर्भित आहे. याच्या शेजारी द्राक्षांचेच उदाहरण ठेवावे. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्याने युरोपात मोठी अडचण झाली. त्यानंतर २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी-निर्यात प्राधिकरणाने ग्रेपनेट ही नोंदप्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा नमुना, पॅकहाउस, अ‍ॅगमार्क तपासणी, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, सर्व एका साखळीत आले. ते टिकले. ट्रेडलेन्सपेक्षा त्याचे तंत्र थोर होते म्हणून नव्हे. नोंद ठेवणारा स्पर्धक नव्हता आणि नोंद करणे ऐच्छिक नव्हते म्हणून. तटस्थता आणि बंधन या दोन अटी जेथे पूर्ण होतात तेथे सामायिक नोंद स्थिरावते. खाजगी डिजिटल फॉरवर्डर पहिली अट कष्टाने पूर्ण करू शकतो. दुसरी त्याच्या अधिकारात नाही.

ग्रेपनेटच्या इतिहासातच नोंदीची मर्यादाही आहे. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि कंटेनर अडकले. ते रसायन तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हते. नोंद निर्दोष होती, साखळी अखंड होती, पण जे विचारलेच नाही त्याचे उत्तर नोंदीत असत नाही. पुढच्या हंगामासाठी यादी वाढली. नैमित्तिक घटना नित्य कशी होते त्याचे हे स्वच्छ उदाहरण आहे. मध्ये एक हंगाम आणि अनेक बागायतदारांचे वर्ष गेले, हेही त्याच उदाहरणाचा भाग आहे.

७. ज्ञानाचे अधिष्ठान

आतापर्यंतच्या विवेचनावरून मूळ भेद कोठे आहे ते सांगता येते. तो वेगात नाही, दरात नाही. ज्ञान कोठे वसते यात आहे. पारंपरिक पेढीत ते व्यक्तीत वसते. बंदरकामाचा वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला शनिवारी घाटात काय होते, कोणत्या डेपोचा रीफर तपासूनच घ्यावा, कट-ऑफच्या किती तास आधी गेटची रांग वाढते, हे ठाऊक असते. आणि तो पेढी सोडून गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. डिजिटल संस्थेत ते नोंदीत वसते. माणूस गेला तरी राहते, पण नोंदीच्या रकान्यात न बसणारे ज्ञान तेथे कधी येतच नाही. दोन्ही हानी खऱ्या आहेत, आणि त्यांचे वजन मालानुसार बदलते. नित्यता अधिक असलेल्या मालात पहिली हानी मोठी, नैमित्तिकता अधिक असलेल्या मालात दुसरी. द्राक्ष दुसऱ्या वर्गात मोडते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या बागायतदाराने दरासाठी पडदा पाहावा, पण फेब्रुवारीत रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस कोण हे आधी विचारून ठेवावे. तो माणूस नव्या संस्थेतही असू शकतो. नसल्यास ती संस्था या मालासाठी नव्हे.

संस्थांची वाटचालही हेच दाखवते. १८९० मध्ये ब्रेमेनला स्थापन झालेल्या क्यूने अँड नागेलसारख्या जुन्या कंपन्यांनी स्वतःची दरप्रणाली आणि ग्राहकद्वारे उभारली. उलट फ्लेक्सपोर्टला गोदामे, परवानाधारक सीमाशुल्क-मध्यस्थ आणि बंदराबंदरांतील माणसे यांची भर घालावी लागली. आणि एप्रिल २०२५ मध्ये डेन्मार्कच्या डीएसव्हीने १८७२ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली शेंकर ही पेढी विकत घेतली तो व्यवहार १४.३ अब्ज युरोंचा होता. एवढी रक्कम संगणकप्रणालीसाठी दिली जात नाही. ती माणसे, परवाने, जागेचे करार आणि ग्राहकांचे जुने संबंध यांसाठी दिली जाते.

८. दायित्व

शेवटचा थर. प्रेषकाने प्रथम पाहावयाची गोष्ट ही की आपल्याला मिळालेल्या दस्तऐवजावर वाहक म्हणून कोणाचे नाव आहे. फॉरवर्डरचे असेल तर तो जबाबदार. केवळ अभिकर्ता म्हणून सही असेल तर दावा जहाज कंपनीकडे, तिच्या कलमांनुसार. संकेतस्थळावरील 'आम्ही दारापासून दारापर्यंत काळजी घेतो' हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नव्हे. डिजिटल संस्थांत हा भेद लांबलचक अटींत दडलेला असतो, पारंपरिक पेढीत तो तोंडी आश्वासनात विरलेला असतो. प्रेषकाची दिशाभूल दोन्हींकडे सारखीच होते.

माल नाशिकला ताब्यात घेऊन रस्ता आणि समुद्र अशा दोन मार्गांनी परदेशी पोहोचवण्याचा एकच करार असेल तर बहुविध मालवाहतूक अधिनियम १९९३ लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार, मालाचे मूल्य आधी घोषित केलेले नसेल आणि हानी प्रवासाच्या कोणत्या टप्प्यात झाली ते अज्ञात असेल, तर भरपाईची कमाल मर्यादा एकूण वजनाच्या प्रत्येक किलोमागे २ एसडीआर किंवा प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर, यांपैकी जी अधिक ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबी एकक. परंतु टप्पा ज्ञात असेल तर कलम १५ लागते, आणि मर्यादा त्या टप्प्याच्या वाहतूकप्रकाराला लागू असलेल्या कायद्याने ठरते.

टप्पा ज्ञात होतो तो डेटा लॉगरचा तापमान-आलेख आणि कंटेनरच्या स्थानाची नोंद एकत्र ताडल्याने. म्हणजे स्थितिज्ञान, जे पहिल्या थरात केवळ सोय म्हणून आले होते, ते येथे पोहोचल्यावर लागू होणारा कायदाच बदलते. डिजिटल साधनाचा सर्वांत खोल परिणाम या ठिकाणी आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. हा परिणाम प्रेषकाच्या बाजूचाच असेल असे नाही. टप्पा सिद्ध झाल्याने मर्यादा वाढेल तशी घटूही शकते. म्हणून आलेखाची प्रत प्रेषकाने स्वतःकडे ठेवावी, फॉरवर्डरच्या पडद्यावर विसंबून राहू नये.

रॉटरडॅमला दार उघडते. वरच्या थरातील पेट्यांत देठ तपकिरी पडलेले दिसतात. पेट्यांच्या मधून तो लहान लॉगर काढला जातो, संगणकाला जोडला जातो, आणि रेषा उमटते : शून्याजवळ सपाट, मग एका ठिकाणी सात तासांचा उंचवटा, पुन्हा सपाट. उंचवट्याची तारीख आणि वेळ लॉगर सांगतो. त्या तासांत कंटेनर घाटातल्या ट्रेलरवर होता, टर्मिनलच्या आवारात होता की जहाजावर होता, हे गेटवरच्या पावतीवरील वेळेशी ताडून पाहावे लागते. ती पावती सापडली पाहिजे, आणि दावा मालाच्या सुपूर्दीपासून नऊ महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे.